रत्नाबाईंनी खरं सांगितलं

पस्तिशी उलटल्यापासून रामकिसन झोपेत घोरायचे, आणि घोरता घोरता मधेच एकदम गप्प व्हायचे. ती शांतता रत्नाबाईंना खडबडून जागं करी. मग त्या नवऱ्याला कोपराने ढोसत. ते मोठा श्वास घेऊन कूस बदलायचे. रामकिसन बीडहून बोईसरच्या कारखान्यात लागले तेही त्याच सुमारास; तेव्हापासून रत्नाबाईंची सलग झोप अशी कधी झालीच नव्हती. घरची गोष्ट म्हणून त्या कुणाला बोलल्या नाहीत.

यंदा रामकिसनांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. पित्ताचा खडा पित्तनळीत अडकला होता. तोंडातून दुर्बीण घालून तो काढायचा, असं दवाखान्यात ठरलं.

सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टर हेतल खाटेजवळ आल्या. दात हलतो का, दमा आहे का, असं विचारत त्या म्हणाल्या, "झोपेत घोरता का? श्वास अडतो?"

"न्हाई वो, गाढ झोपतो मी," रामकिसन म्हणाले.

शेजारच्या खाटेवर त्यांच्याच कारखान्यातला माणूस होता. चारचौघांत नवऱ्याचं बोलणं रत्नाबाईंनी कधी खोडलं नव्हतं.

"अडतो, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "रोज अडतो. हलवल्याबिगर परत येत न्हाई."

रामकिसनांनी मान फिरवली. हेतलनी मात्र त्यांचा जबडा, मान पुन्हा नीट तपासली. "नुसत्या गुंगीवर नको. पालथं झोपवावं लागतं, श्वास अडला तर वेळ मिळत नाही. घशात नळी घालून पूर्ण भूल देऊ. पण भुलेचं मशीन आणि माझा मदतनीस दुसऱ्या ऑपरेशनला आहे. दुपारपर्यंत थांबू."

थांबणं सोपं नव्हतं. रामकिसनांना हुडहुडी भरली, ताप चढला. अपेक्षा सिस्टर सलाईनमधून औषध देऊन गेली, तरी दात वाजतच होते.

"तू गप बसली असतीस तर एव्हाना झालं असतं," ते पुटपुटले.

ह्यांना काही झालं तर आपल्या जिभेनं झालं, एवढंच रत्नाबाईंच्या डोक्यात घोळत राहिलं.

दुपारी त्यांना आत नेलं. थोड्या वेळाने दारापलीकडे यंत्र टीं टीं करू लागलं. कुणीतरी घाईने काहीतरी मागितलं. रत्नाबाई उठून दाराला कान लावून उभ्या राहिल्या. आवाज थांबला. तो थांबला म्हणजे बरं की वाईट, हे सांगायला बाहेर कुणी नव्हतं.

बऱ्याच वेळाने हेतल बाहेर आल्या. मास्क हनुवटीवर, कपाळावर घाम.

"खडा निघाला. भूल देताच जीभ मागे पडली, ऑक्सिजन झरझर खाली आला. नळी हाताशीच होती, लगेच घातली. पालथं झोपवून नुसत्या गुंगीवर असते, तर कठीण झालं असतं."

"आता?"

"आता स्वतः श्वास घेतायत. आज रात्रभर लक्ष ठेवू. घरी गेल्यावर झोपेची तपासणी मात्र करायचीच."

रत्नाबाईंनी हात जोडले.

संध्याकाळी रामकिसनांनी डोळे उघडले. आवाज घोगरा झाला होता. "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

रत्नाबाईंनी सगळं सांगितलं.

"मनीषला फोन कर," ते म्हणाले. "त्याला सांग, ती तपासणी कुठं होते ते बघ म्हणावं."

पदराने डोळे कोरडे करत रत्नाबाईंनी लेकाचा नंबर लावला.