सव्वादोनची बांगडी

सर्व लहानथोरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, या जगात लग्नं जमवणाऱ्या बाया उदंड झाल्या, पण नवरदेवाच्या हातात सव्वादोनची हिरवी बांगडी भरून लग्न मोडणारी बाई एकच होऊन गेली. ती बेल्याजवळच्या आमच्या गावात राहायची, आणि मी तो प्रकार दोन हातांवरून पाहिला आहे.

सुभद्रामावशी बांगड्या भरायची. गावातली एकही बाई अशी नसेल, जिला तिने रडवलं नाही. ती हात धरायची, अंगठा तळव्यात दुमडायची आणि हाडं अशी चेपायची की डोळ्यांपुढे काजवे चमकावेत. "हात ढिला सोड वं. हाडं माह्यावर सोपव." आपण ओरडेपर्यंत बांगडी मनगटात. पण इतकं चेपूनही कातडीवर साधा डाग उठायचा नाही. नवी नवरी असताना मी एका हातात भरून झाल्यावर पळाले, तर तिने गोठ्यापर्यंत धावत येऊन मला वेणीला धरून परत आणलं. "एका हातानं उठू नाई, अपशकुन व्हते. दुसरा राह्यला."

तिचा नवरा पिऊन मारायचा. एकदा तिने वरवंटा उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. दुसऱ्यांदा घालायची वेळच आली नाही. तो लंगडत मंचेरियलला गेला आणि कोळशाच्या खाणीत कामाला लागला. जमिनीखाली त्याला सुरक्षित वाटत असावं. बसच्या टपावरून तिची बांगड्यांची पेटी फेकणाऱ्या एका माणसाच्या हाताला तर ती चावली होती. विचारलं, तर म्हणाली, "मंग काय, दरखास्त देऊ?"

आता पल्लवीकडे येते. पल्लवी म्हणजे माझ्या भासऱ्यांची, थोरल्या दिरांची, वसंतरावांची मुलगी. लग्नाआधी नातलग नवरीला घरी जेवायला बोलावतात, त्याला पुण्याकडे केळवण म्हणतात आणि आमच्याकडे गडगनेर. शेवटचं गडगनेर माझ्या घरी होतं आणि पल्लवीच्या मैत्रिणींना ते फोनवर पाहिलेल्या ब्रायडल शॉवरसारखं करायचं होतं. गुलाबी फुगे, 'होणारी नवरी' असा छातीवरून पट्टा, फोटोसाठी फुलांची चौकट. मी पुरणपोळीवर अडून बसले होते. आठवडाभर माझ्या ओसरीवर नुसती लढाई चालली होती.

आदल्या दिवशी दुपारी मावशी चुडा भरायला आली. फुगे पाहून म्हणाली, "हे कायले? फोडाले काई तं पायजे म्हना." आम्ही हसलो. तिने पल्लवीचा हात मांडीवर घेतला, बाही वर सारली आणि थांबली. मावशी हात धरून थांबलेली मी कधी पाहिली नव्हती.

मनगटावर एका बाजूला चार निळे डाग होते आणि दुसऱ्या बाजूला एक.

"हे काय व्हय?"

"कारच्या दारात सापडला," पल्लवी म्हणाली.

"दाराले अंगठा असते का वं?"

पल्लवी बाही खाली ओढायला गेली, पण मावशीने हात सोडला नाही. मग तिच्याकडून एकेक शब्द ओढून काढावा लागला. नितीनने, होणाऱ्या नवऱ्याने, तिचा फोन मागितला होता. तिने दिला नाही. त्याने हात पिरगाळला, आणि तो काही पहिल्यांदा नव्हता. "बाबाईनं पत्रिका वाटल्या," ती कुजबुजली. "आता त्याईले कोन्या तोंडानं सांगू?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. वसंतराव म्हणजे लोक काय म्हणतील या एका प्रश्नावर जगलेला माणूस. ते माझ्या ओसरीच्या टोकाला बसून सुपारी कातरत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि अडकित्ता थांबला होता.

तेवढ्यात निर्मल गावाहून नितीनच आला, फुलांची चौकट घेऊन, हसत.

"या जवाईबापू," मावशी इतक्या गोड आवाजात म्हणाली की माझ्या अंगावर काटा आला. "बसा. तुमचाबी हात पायते. रिवाज हाय."

तो बसला. तिने त्याचा उजवा हात पल्लवीच्या मनगटावर ठेवला. चार बोटं चार डागांवर, अंगठा पाचव्यावर. माप चोख निघालं. नितीनचं हसू गेलं, पण तोवर त्याचा अंगठा तळव्यात दुमडला गेला होता.

"हात ढिला सोडा. हाडं माह्यावर सोपवा."

पल्लवीच्या मापाची सव्वादोनची बांगडी तिने त्याच्या पंजावर दाबली. ती फुटली. दुसरी फुटली. काचा मुठीत रुतल्या, रक्त तिच्या पदरावर ठिबकलं, पण तिची पकड सुटली नाही. तिसरी फुटताना बोटाचं हाड कडकन वाजलं आणि तो बैलासारखा ओरडला. डाव्या हाताने त्याने मावशीच्या कानशिलात अशी मारली की तिचा ओठ फाटला. मग मात्र मी पुरणाचा झारा उचलला आणि त्याच्या कोपरावर मोजून दोन हाणले. कबूल करते, बरं वाटलं. रक्ताने हात निसरडा झाला होता, म्हणून असेल, पण चौथी बांगडी सरकन मनगटात बसली.

मावशीने हात सोडला, ओठ पुसला आणि वसंतरावांकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. वाटलेल्या पत्रिका, ठरलेला मांडव, गाव, भावकी, सगळं त्या माणसाच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं.

नितीन रडत होता. "मामा, पाह्यलं का तुमी? या बाईनं काय केलं पाह्यलं का?"

दुसऱ्या दिवशी गडगनेर झालंच, पुरणपोळीचं, गुलाबी फुग्यांखाली. पट्टा मावशीने घातला. पल्लवी आज शाळेत शिकवते, आणि तिच्या दोन्ही मनगटांवर डाग नाहीत. मावशी मागच्या पोळ्याला गेली. तिरडीवर ठेवताना आम्ही बायांनी तिचे दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरले आणि पहिल्यांदाच त्या भरताना कोणी ओरडलं नाही.

पण मला ती दुपार आठवते, आणि वसंतराव. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, उठून ओसरीच्या दाराला आतून कडी घातली आणि जन्मात पहिल्यांदा, कोण काय म्हणेल याचा विचार न करता, बोलून गेले,

"मावशी, एका हातानं उठवू नोका. दुसरा राह्यला."