दाराआडची पिशवी

आमच्या दाराआड खुंटीला एक खाकी पिशवी टांगलेली असायची आणि तिचा मला लहानपणापासून राग होता. आत पांढरं मांजरपाट, सुई, दोऱ्याचं रीळ, कापूस आणि साबणाची नवी वडी. बडोद्यातल्या आम्हा मूठभर यहुदी घरांत कोणी बाई वारली की आई ती पिशवी खांद्याला लावून निघायची. आमच्यात बाईला शेवटची आंघोळ बायकांनीच घालायची असते. आंघोळ घालायची, कफन शिवायचं, नेसवायचं. हे सगळं फुकट, आणि वर रिक्षाभाडं पदरचं! माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा ती गेली. मी पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभी आणि ही चपला घालतेय. "आलेच गं दोन तासांत," म्हणाली. आली दिवेलागणीला. तोवर मी रागारागानं अर्धे पेढे संपवले होते.

तेव्हा आम्ही घडियाळी पोळात, जुन्या शहरातल्या एका गल्लीत राहायचो. बाबा रेल्वेत. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती. शेजारणी विचारायच्या, "यहुदी एटले पारशी ने?" आई म्हणायची, "पारशी समजा, पण चहा घेऊन जा." दर शुक्रवारी ती काळे मनुके भिजवून, कुस्करून, गाळून शब्बाथचं, म्हणजे आमच्या विसाव्याच्या पवित्र दिवसाचं, सरबत करायची आणि ज्या म्हाताऱ्यांना होत नव्हतं त्यांच्याकडे बाटल्या भरून पोचवायची. पोचवायला अर्थात मी.

नव्वदनंतर आमची घरं एकेक करून रिकामी व्हायला लागली. जो तो इस्रायलला निघाला. आणि त्यांचे अर्ज भरून कोण देत होतं? आमच्या मातोश्री! अक्षर मोत्यासारखं, कुठली कागदपत्रं लागतात ते पाठ. मी एकदा चिडून म्हटलं, "तूच सगळ्यांना हाकलून देतेयस." ती म्हणाली, "पोरांचं भलं होतंय ना? मग झालं." माझ्या भावाचाही अर्ज तिनंच भरला. त्यावर मात्र दोन ठिकाणी खाडाखोड झाली. तो तिला बोलवून बोलवून थकला, पण ही जागची हलली नाही. उरलेल्या म्हाताऱ्यांना आंघोळ कोण घालणार, हे तिचं ठरलेलं उत्तर.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये आली. येताना पिशवी आणलीच. पंचाहत्तरी उलटली होती, हात थरथरायला लागले होते. तिच्याबरोबर जाणाऱ्या बायका एक तर इस्रायलला गेल्या होत्या, नाही तर वर. एका दुपारी शेंगा सोलता सोलता म्हणाली, "तू हे शिकून घे. मला परक्या हातांनी नको गं."

मी शाळेत शिकवून दमून आले होते, हे काही कारण नव्हे. माझी जीभच तशी. मी म्हटलं, "मला नाही प्रेतं धुवायची. जन्मभर मेलेल्यांचं केलंस, जिवंत मुलीकडे बघायला कधी फुरसत झाली तुला?"

ती शेंगा सोलत राहिली. त्यानंतर तो विषय तिनं पुन्हा काढला नाही आणि मीही माफी मागितली नाही. माफी मागणं माझ्या रक्तातच नाही. तिच्या गोळ्या, डोळ्यांचं ऑपरेशन, गुडघ्यांना तेल, सगळं केलं. दहा वर्षं केलं. ते एक वाक्य तेवढं परत घेतलं नाही.

ती गेली शुक्रवारी पहाटे, झोपेतच. सूर्य मावळला की शब्बाथ लागतो, मग दफन करता येत नाही. आमचं कब्रस्तान अहमदाबादला, म्हणजे त्याआधी तिथवर पोचायचं. अहमदाबादच्या एका ओळखीच्या मावशींना फोन केला. एवढं काम येणाऱ्या त्याच काय त्या जवळपास उरल्या होत्या. म्हणाल्या, "पहिल्या गाडीनं येते. कफनाची काळजी नको, तुझ्या आईनं स्वतःचं कधीच शिवून ठेवलंय."

ट्रंक उघडली. साड्या, बाबांचा कोट, भावाची पत्रं. कफन नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. गेल्या वर्षी इथेच, बडोद्यातल्या वासणा भागात, आमच्यातली एक एकटी म्हातारी वारली होती. आई कमरेत वाकलेली, तरी रिक्षा करून गेली होती. डोळ्यांना धड दिसत नाही, शिवणार कधी? स्वतःचं देऊन आली होती. बाई गं, काय म्हणू तुला! बोल लावायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं.

मांजरपाट पिशवीत होतं. वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकू आल्या आणि न विचारता सुईत दोरा ओवून द्यायला बसल्या. हे नियमात बसतं की नाही, ठाऊक नाही. विचारणार कोणाला? कफनाच्या दोऱ्याला गाठ मारायची नसते, एवढं एक मला लहानपणी बघून माहीत होतं. बिनगाठीचा दोरा सारखा निसटायचा. मी पुन्हा घालायची, तो पुन्हा निसटायचा. टाके वेडेवाकडे आले. आईनं बघितलं असतं तर उसवूनच ठेवलं असतं.

मावशी आल्या. त्या पाणी घालत होत्या, मी अंग चोळत होते. मला वाटलं होतं, भीती वाटेल. दंडावरचा देवीचा व्रण, मनगटावरचा तव्याचा चटका, बोटावर सुईनं पडलेला घट्टा. आई ती, भीती कसली?

कफन नेसवून झालं. मावशी म्हणाल्या, "आता माफी माग."

मी दचकलेच. "कसली?"

"आंघोळ घालताना काही राहिलं असेल, धक्का लागला असेल, त्याची. नाव घेऊन मागायची. रीतच आहे. तुझी आई प्रत्येकीची मागायची."

आईचं नाव मी जन्मात घेतलं नव्हतं. दोनदा ओठांवर आलं आणि परत गेलं. शेवटी तिच्या कानाशी वाकले, नाव घेतलं आणि म्हटलं, "चुकलं माझं. माफ कर."

मावशींनी माझ्या पाठीवर ओला हात ठेवला. "काही चुकलं नाही गं," म्हणाल्या, "सगळं नीट केलंस."