आईने न केलेली सीतादही

इतकी वर्षं झाली तरी त्या बारा मिनिटांच्या फिल्मचा मला राग येतो. तो राग मला कधीच नीट सांगता आला नाही, त्यामुळे तो आणखीच येतो. आज लिहून पाहतो.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा वर्ध्याला लघुपटांचा महोत्सव भरला. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजात कोणी काम सांगितलं की मला तो मान वाटायचा. या महोत्सवात माझ्याकडे दोन कामं होती. स्टेशनवरून फिल्मच्या रिळांचे डबे सायकलवर आणायचे आणि सभागृहाच्या दिव्यांची बटणं सांभाळायची. इतिहासाचे सर आयोजक होते. त्यांनी हात वर केला की दिवे बंद करायचे आणि फिल्म संपली की लावायचे. बटणांचा फळा मागच्या दाराजवळ होता, तिथे मला एक स्टूल दिलं होतं.

पण खरं तर सुरुवात त्याच्या आदल्या जानेवारीत झाली. मुंबईचा एक दिग्दर्शक कापसावर फिल्म करायला आमच्या भागात आला होता. सरांनी वर्गात विचारलं, कापसाच्या गावचं कोण आहे? मी हात वर केला. नाचणगावचा मी. वडील पुलगावच्या गिरणीत, आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाणारी. मी त्या माणसाला आणि त्याच्या कॅमेरावाल्याला घेऊन गावात गेलो. लोक खिडकीतून बघत होते आणि मी मुद्दाम मोठ्या रस्त्याने चाललो होतो.

दिग्दर्शकाने कुठेतरी सीतादहीबद्दल वाचलं होतं. आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी सुरू करायच्या आधी शेतमालकाच्या घरची बाई शेतात पाच खडे मांडते, कुंकू वाहते, दहीभाताचा नैवेद्य दाखवते, आणि मगच पहिलं बोंड वेचते. या पूजेला सीतादही म्हणतात. ती दसरा-दिवाळीच्या सुमारास होते. जानेवारीत शेतात फरदड उरलेली असते, म्हणजे शेवटचा, खुरटा कापूस. दिग्दर्शकाला तेवढंही चालणार होतं. झाडावर थोडं पांढरं दिसलं म्हणजे झालं, म्हणाला.

ज्यांच्या शेतात आई जायची त्या पाटलीणबाईंना मी विचारलं. त्यांनी साफ नाही म्हटलं. "सीतादही वर्षातून एक डाव. झाली ते झाली. फोटोसाठी का कोणी देव मांडते?" एवढं बोलून त्या आत गेल्या.

आम्ही शेतात गेलो तेव्हा दिग्दर्शकाची नजर माझ्या आईकडे गेली. ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर उभी होती, पोटाशी वेचलेल्या कापसाची ओटी बांधलेली. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही कराल ना एवढं?" शहरातली माणसं आमच्या बायांना लगेच मावशी म्हणतात. स्वतःच्या मावशीला त्यांनी असं उन्हात उभं केलं असतं का, कोण जाणे.

आम्ही बौद्ध. मी जन्मायच्या आधी, लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत, आईने सासऱ्यांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. परत आल्यावर घरातले देव टोपलीत घालून नदीला नेऊन दिले, तेही तिनेच. मला हे सगळं तिच्याच तोंडून ऐकून पाठ होतं. पाटलीणबाईंच्या शेतात सीतादही असली की आई आणि वस्तीतल्या बाया लांब, धुऱ्यावर थांबायच्या. अपमान म्हणून नाही. ते त्यांचं, हे आमचं, असं दोन्हीकडून ठरलेलं होतं.

आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "जिचा देव आहे थेच नाई म्हनते. मंग मी कशी करू?"

पण पाहुणा खोळंबला होता, कॅमेरा उभा होता, आणि त्याला मी आणलं होतं. मी म्हटलं, "माय, जयंतीच्या नाटकात नाई का लोक राजा होत? कोनी खरंच राजा होते का? हे बी तसंच आहे." आमच्या वस्तीत दर जयंतीला नाटक व्हायचं. गिरणीतला जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, सावकार व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी भोंगा झाला की डबा घेऊन कामावर जायचा. आईला ते पटलं, कारण मलाही ते पटलं होतं. मी तिला फसवलं नाही, एवढं मी आजही शपथेवर सांगेन. मी पाहिलेले सगळे सिनेमे गोष्टीचे होते. त्यात सगळे सोंग घेतात आणि बघणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. खऱ्याच्या नावाखाली सोंग दाखवतात, हे मला माहीत नव्हतं.

आईने खडे मांडले. डोक्यावर पदर घ्यायला सांगितला, तो घेतला. हात जोडायला सांगितले तेव्हा थोडी थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि जोडले. दिग्दर्शक म्हणाला, फिल्म तयार झाली की तुम्हाला पहिल्यांदा दाखवू.

महोत्सवाच्या यादीत ती फिल्म पाहिली तेव्हा मला आनंदच झाला. ती शुक्रवारी दुपारी होती. तिकडे वेचणीचे दिवस असल्यामुळे आई रविवारी येणार असं ठरलं. निवडक फिल्म रविवारी परत दाखवणार होते, त्यात ही होती.

शुक्रवारची सकाळ माझ्या आयुष्यातल्या चांगल्या सकाळींपैकी एक होती. हे मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर मी सगळ्याच फिल्मांवर रागावलो असं वाटेल. एका फिल्ममध्ये रेल्वे फाटकावरचा एक म्हातारा दिवसभर फाटक उघडतो आणि लावतो, बाकी काही नाही. सात मिनिटांत एक शब्द नाही. शेवटी तो बसून भाकरी खातो तेव्हा माझे डोळे भरून आले. एकात नुसत्या आगकाड्या होत्या, एकेक काडी हलवून चित्रं काढलेली. त्या चालायच्या, भांडायच्या, रुसायच्या, आणि सभागृह लहान मुलांसारखं हसत होतं. एक फिल्म मला अजिबात कळली नाही, अर्धा वेळ पडद्यावर भिंतच होती. मागे बसलेला एक जण म्हणाला, रीळ अटकलं वाटते. तरीही मला वाटलं, असंही करता येतं तर. माझ्यासारख्या माणसाचा दिवसही कोणीतरी असा निवांत बघू शकेल.

मग सरांनी हात वर केला, मी दिवे बंद केले, आणि पडद्यावर आमचं शेत आलं.

आई फार छान दिसत होती. तिचे हात इतके मोठे करून मी कधी पाहिले नव्हते. मग खडे आले, कुंकू आलं, जोडलेले हात आले, आणि एक भारदस्त पुरुषी आवाज बोलू लागला. सिनेमाच्या आधी सरकारी बातम्यांत असतो तसा. पिढ्यानपिढ्या, अज्ञान, असं बरंच काही. त्यातलं एक वाक्य मला तोंडपाठ आहे. "दगडापुढे हात जोडणारी ही स्त्री अजून जागी झालेली नाही."

सभागृहात कोणीतरी च्च च्च केलं.

जिने टोपलीभर देव स्वतःच्या डोक्यावरून नदीला नेले, तिला जागी झालेली नाही म्हणतात. तिला दगडापुढे बसवलं कोणी? यानेच. आणि बसवून वर तिची कीव करायला शंभर माणसं जमवली. माझे कान तापले होते. फिल्म संपली हे मला कळलंच नाही, दिवे लावायला उशीर झाला आणि लोक मागे वळून बघायला लागले.

चर्चा सुरू झाली. मी स्टुलावरून उठलो. म्हटलं, "ती बाई माझी आई आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. दिग्दर्शक पुढच्या रांगेत होता, तो उठून हसत म्हणाला, अरे वा, मग तुम्हीच सांगा कशी वाटली. मी म्हटलं, आम्ही बौद्ध आहोत, आम्ही हे करत नाही, तुम्ही करवून घेतलं. त्याचं हसू जरा कमी झालं. "मित्रा, ही एका बाईची गोष्टच नाही. ती प्रतीक आहे," तो म्हणाला. तेवढ्यात सर म्हणाले, वेळ होतोय, पुढचं रीळ लागलंय, आणि त्यांनी माझ्याकडे बघून हात वर केला.

आणि मी दिवे बंद केले. याचा राग सगळ्यात जास्त.

सभागृहात पुलगावच्या शाळेतले दोन मास्तर होते. वस्तीत बातमी पोचायच्या आत आईला सांगायला हवं होतं. शनिवारी सकाळी वर्ध्याजवळच्या नालवाडीतल्या माझ्या खोलीवरून निघालो, पॅसेंजरने पुलगाव गाठलं आणि तिथून पायी घरी. आई चुलीपाशी होती. मी सगळं सांगितलं, ते वाक्यही सांगितलं. दिग्दर्शकाला खूप शिव्या घातल्या. ती भाकरी थापत ऐकत होती.

मग म्हणाली, "थो परका मानूस. त्याले का मालूम? तुले तं मालूम होतं."

ती भाकरी उलटून म्हणाली, "उद्या बी दाखवून राह्यले ना थे?"

मी म्हटलं, हो.

"येतो मी," आई म्हणाली.

संध्याकाळी ती विहारात गेली आणि मलाही नेलं. वंदना झाल्यावर तिने मला सगळ्यांसमोर ते सांगायला लावलं, काही न गाळता. एका म्हाताऱ्याने विचारलं, काऊन केलं गा पोरा असं? नाटकासारखं वाटलं, म्हणालो. कोणी हसलं नाही.

रविवारी आई धुतलेलं पांढरं लुगडं नेसून आली. मी तिला मागे, माझ्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः फळ्यापाशी उभा राहिलो. सरांना सकाळीच सांगितलं होतं की तिला दोन शब्द बोलायचे आहेत. ते म्हणाले, फिल्मनंतर बघू. ते वाईट नव्हते, पण त्यांना पाहुण्यांची फार भीती होती, आणि भीतीने केलेली चूकही चूकच असते.

आमच्या फिल्मची पाळी आली. सरांनी हात वर केला. मी बटणाला हात लावला नाही. त्यांनी पुन्हा हात हलवला. लोक वळले. सर तरातरा मागे यायला लागले, आणि मी दोन्ही हात पाठीमागे घेऊन फळ्याला टेकून उभा राहिलो. मी आईला म्हटलं, "बोल, माय."

ती उठली. शंभर माणसांसमोर ती कधी बोलली नव्हती. पदर खांद्यावर होता, तो तिने डोक्यावर घेतला नाही.

"आता जे दिसन, थे सोंग आहे. मी सीतादही करत नाई. आमच्या घरी देव नाई. साहेबानं सांगतलं अन् पोरानं म्हनलं, म्हनून हात जोडले. जिची सीतादही आहे तिनं नाई म्हनलं होतं, थे बी याईनं सांगाले पाह्यजे होतं."

दिग्दर्शक उभा राहून काहीतरी बोलायला लागला. आईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती स्टुलावर बसली आणि मला म्हणाली, "बंद कर आता. पाहू दे लोकाईले."

मी दिवे बंद केले.

तेच शेत, तेच हात, तोच आवाज. अजून जागी झालेली नाही, असं तो म्हणाला तेव्हा अंधारात दोघं-तिघं हसले, आणि या वेळी ते आईला हसले नव्हते. आई पुढे वाकून बघत होती. एकदाच बोलली. "थांबलो होतो मी तिथं, हात जोडाच्या आधी. थे काढून टाकलं त्यानं."

मला तोपर्यंत ते लक्षातच आलं नव्हतं. ती थांबली होती, माझ्याकडे बघितलं होतं. फिल्ममध्ये ते नव्हतं. खडे, आणि लगेच जोडलेले हात.

त्यानंतर मला कोणत्याच कार्यक्रमाला काम सांगितलं नाही. सर पुढे दोन वर्षं माझ्याशी नीट बोलले, पण जपून. ती फिल्म नागपूरला गेली, पुढे आणखी कुठे कुठे गेली असं कळलं. मी दिग्दर्शकाला पत्र लिहिलं की ते वाक्य तरी काढा. उत्तर आलं नाही. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती रिळं कुठल्यातरी कपाटात असतील, आणि त्यात ती न थांबता हात जोडत असेल.