गव्हाचा मलिदा आणि इनबाई

मलिदा चांगला झाला होता, हे मी आधीच सांगून ठेवतो. बाकी जे घडलं त्यात माझी काडीची चूक नव्हती, असं माझं ठाम मत आहे. आमच्या घरात ह्या मताला एकच मत पडतं, ती गोष्ट वेगळी!

मी मधुकर. देवळीच्या एका जिनिंगात जन्मभर कापूस पारखला. पण गावात मला ओळखतात ते मलिद्यामुळे. पिराचा उरूस असो की मारुतीची जयंती, मलिदा माझ्याच हातचा. जाडजूड पोळ्या शेकायच्या, हात भाजत असताना चुरायच्या, वर गूळ आणि हात आखडता न घेता तूप. मलिदा म्हणजे काय, हे मला शिकवायची हिंमत आजवर कोणाची झाली नव्हती.

आमची पल्लवी ठाण्याला नोकरी करते. तिनं तिकडे मुलगा पसंत केला. डॅनियल नागावकर. नाव ऐकून मी उभा राहिलो, आडनाव ऐकून खाली बसलो.

"ज्यू आहेत ते, बाबा," पल्लवी फोनवर म्हणाली. "बेने इस्रायली. शेकडो वर्षांपासून कोकणात आहेत."

मुलगा सरळ होता. वडील नव्हते, आईनं, राहेलबाईंनी, एकटीनं वाढवला होता. आणि ह्या राहेलबाईंचा एक नवस होता. पोराचं जमलं की होणाऱ्या सुनेच्या घरी जाऊन एलियाहू हन्नाबीच्या नावानं मलिदा करायचा. एलियाहू हन्नाबी म्हणजे त्यांचे मोठे प्रेषित. जानेवारीत त्यांचा झाडांचा सण येतो, त्याच दिवशी मायलेक देवळीला येणार होते.

"मलिदा?" मी फोनवर ओरडलोच. "त्याइच्यातही मलिदा असते?"

"असतो ना! डॅनियलच्या आई स्वतः करणार आहेत. तुम्ही फक्त सामान आणून ठेवा. पाच फळं, नारळ, काजू, बदाम, पिस्ते, खजूर. पोहे घरात असतीलच. आणि बाबा, सगळं ग्लूटेन फ्री पाहिजे, विसरू नका!"

फोन ठेवला गेला. आता मला सांगा, ह्या मुलीनं 'गहू नको' एवढे दोन शब्द मराठीत म्हटले असते तर तिचा पगार कापला गेला असता का? पण नाही! 'ग्लूटेन फ्री'!

मी तडक किराणा दुकानात गेलो. वासुदेव पुडा बांधत होता.

"वासुदेव, ग्लूटेन फ्री पाह्यजे."

"ग्लूटेन? कायवर फ्री हाये?"

"तेच त तुले विचारून राह्यलो!"

वासुदेवनं बराच विचार केला. "भाऊ, चहापत्तीवर चमचा फ्री हाये. साबनावर साबन फ्री हाये. ग्लूटेन आपल्याकडे अजून आलं नाई. वर्ध्याले पाह्यजो."

मी चहापत्ती घेतली, चमचा घेतला आणि पाहुण्यांना ग्लूटेनच्या जागी दुसरं काहीतरी चांगलं देऊ, असं ठरवून घरी आलो. (पल्लवीला पुन्हा फोन का केला नाही, असं सगळे विचारतात. ऑफिसच्या वेळात दर पाच मिनिटांनी फोन करू नका, असा दम तिनंच मला दिला होता. आता वडिलांनी मुलीचं ऐकलं, हाही गुन्हा?)

आणि इथे माझ्या मनात तो थोर विचार आला. पाहुणी बाई एवढ्या लांबून येणार, आणि आल्या आल्या पदर खोचून मलिदा करणार? ते पण माझ्या घरी? माझ्या!

"एकदा पोरीले इचारून पाहा," माझी बायको शोभा म्हणाली. "त्याइचा मलिदा येगळा असंन."

"मलिदा कसा येगळा असंन? मले मलिद्याचं इचाराले लावतं?"

"पोहे सांगतले होते तिनं."

"ते नाश्त्याचे!"

ह्यावर शोभा गप्प बसली. माझ्या बायकोचं गप्प बसणं ही पुढच्या भांडणाची तयारी असते. पण त्या दिवशी मला इशारा कळला नाही.

पल्लवी आदल्या दिवशी आली नव्हती. ती, डॅनियल आणि राहेलबाई एकाच गाडीनं वर्ध्याला उतरून दुपारी घरी पोचणार होते. म्हणजे सकाळ माझीच होती! पहाटेपासून मी चुलीपुढे. तीस पोळ्या शेकल्या. चुरल्या. गूळ, तूप. मग सुकामेवा पाहिला आणि वाटलं, सणाचा मलिदा आहे, ठेवायचं कशाला? काजू, बदाम, पिस्ते, खजूर, सगळं घातलं. नारळ खवून घातला. राहिली फळं. केळी, पेरू, चिकू बारीक चिरून आत. संत्र्याच्या फोडी वरून गोल मांडल्या. बोरांच्या बिया काढता काढता नखं दुखली, पण बोरंही घातली. परात भरली! पांढऱ्याशुभ्र धोतराखाली ती झाकून ठेवली आणि अंगावरची कणीक न झटकता दारात येऊन उभा राहिलो.

दारात सगळी गल्ली जमली होती, कारण परदेशी पाहुणे येणार, अशी बातमी होती. मी स्वतः 'वेलकम' आणि 'हॅपी झाड' अशी दोन वाक्यं पाठ केली होती. गाडी थांबली. हिरव्या काठाच्या साडीतल्या एक ठसठशीत बाई उतरल्या आणि पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या, "अगो बाई, केवढं हो हे ऊन! आणि पल्लवी म्हणत होती, थंडी असेल, शाल घ्या!"

गल्लीचा चेहरा पडला. शेजारच्या वत्सलाबाई सर्वांच्या वतीनं म्हणाल्या, "काऊन भाऊ, फॉरेनचे हायेत म्हने?"

"मी कवा म्हटलं?"

(म्हटलं होतं. पण चौकात म्हटलं होतं, वत्सलाबाईंना सांगितलं नव्हतं.)

चहापाणी झालं. राहेलबाई गोड होत्या, हसऱ्या होत्या. शोभेशी पाच मिनिटांत वांग्याच्या भाजीवर आल्या. मग म्हणाल्या, "चला हो भाऊ, मला जागा दाखवा. दिवस मावळायच्या आत मलिदा झाला पाहिजे. सूर्य बुडाला की आमचा सण संपला, आणि माझा नवस राहिला."

मी ह्याच वाक्याची वाट पाहत होतो. पल्लवी आत हातपाय धूत होती. मी परात आणून त्यांच्यापुढे ठेवली आणि धोतर ओढलं.

"इनबाई, तुमी बसा! मलिदा तय्यार हाये!" (विहीणबाईंना आमच्याकडे इनबाई म्हणतात.)

बाई बघतच राहिल्या. मला वाटलं, भारावल्या. मी एक मूठ भरून त्यांच्या हातावर ठेवली. "घ्या, तोंड गोड करा!"

नको कसं म्हणायचं, असा चेहरा करून त्यांनी घास उचलला. घास ओठांपर्यंत गेला, आणि तेवढ्यात मोरीच्या दारातून पल्लवीनं परात पाहिली.

"आई, थांबा!!"

अशी किंकाळी मी आमच्या घरात ऐकली नव्हती. पोरगी ओल्या पायांनी धावली आणि तिनं होणाऱ्या सासूच्या हातावर फाडकन चापट मारली! लग्न व्हायच्या आधी! मलिदा उडाला. त्यातला अर्धा डॅनियलच्या शर्टावर आणि एक बोर त्याच्या चष्म्यावर.

डॅनियलनं चष्म्यावरचं बोर काढलं.

"गहू आहे त्यात," पल्लवी म्हणाली. "आईंना गहू चालत नाही. एक घास गेला तर आठ दिवस अंथरुणावर असतात. बाबा, मी सांगितलं होतं ना, ग्लूटेन फ्री!"

"फ्री म्हंजे मले वाटलं फुकट!"

डॅनियल हसला. त्याच्या आईनं त्याच्याकडे पाहिलं. तो थांबला.

"पण गहू कशाला घातलात हो मलिद्यात?" राहेलबाईंनी विचारलं, अगदी शांतपणे.

"कशाले म्हंजे? मलिदा गव्हाचाच असते!"

"मलिदा पोह्यांचा असतो, भाऊ. माझी आजी करायची, आई करायची. पोहे भिजवायचे, खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा. भोवती पाच फळं."

"तो त नाश्ता झाला!"

"आणि हा चुरमा झाला!"

चुरमा! माझ्या मलिद्याला! माझ्या ओसरीत! मी उत्तर देणार होतो, पण शोभा आडवी आली. "आता भांडत बसता का दिवस बुडेलोक? इनबाई, घरात पोहे हायेत. मी देतो काढून." (आमच्याकडे बायकाही 'देतो' म्हणतात. राहेलबाई जरा चमकल्या.)

"फळं? मेवा?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी परातीकडे पाहिलं.

"काजू येचून धुवून घेऊ," मी सुचवलं. "बदाम त पुसले तरी..."

"बाबा! कणभरही चालत नाही!"

मग सुरू झाली झडती. विळी? माझ्या पोळ्यांजवळ होती, बाद. पाट? बाद. पोह्यांचा डबा उघडला तर त्यात कणकेचा चमचा! (कोणी ठेवला, ह्याची चौकशी आजही सुरू आहे. संशयित एकच आहे.) पोहे बाद. मी मदतीला म्हणून उरलेला नारळ उचलायला गेलो, तर पल्लवी ओरडली, "बाबा, हात लावू नका! तुमच्या अंगभर पीठ आहे!"

"मंग मी काय करू?"

"आंघोळ करा," शोभा म्हणाली.

"आता? इनबाईसमोर?"

"आंगनात उभे राहा नाईतर! पन लांब!"

ज्या घराची घरपट्टी माझ्या नावावर येते, त्या घरात मला पिठासकट मोरीत कोंडण्यात आलं. भर दुपारी मी मोरीत थंड पाण्यानं आंघोळ केली. बाहेर येतो तर शोभेनं माझ्यासाठी काढून ठेवलेला सदरा तोच, ज्याला सकाळी मी पिठाचे हात पुसले होते. पुन्हा बाद! शेवटी टॉवेल गुंडाळून, वर राहेलबाईंच्या मानपानासाठी आणलेली शाल पांघरून, मी आंगणातल्या कडुलिंबाखाली उभा राहिलो. आणि माझी होणारी विहीण खिडकीतून मला पाहत होती!

मात्र गल्लीचं मला मान्य करावं लागेल. घरातलं भांडण गल्लीला ऐकू गेलंच होतं. सांगायची गरज पडली नाही. वासुदेव बंद पाकिटातले पोहे आणि नवा सुकामेवा घेऊन सायकलवर आला. वत्सलाबाईंनी हळदीकुंकवात मिळालेलं, स्टिकरही न निघालेलं ताट आणलं, नवी कोरी विळी आणली. कोणी संत्री आणली, कोणी पेरू, कोणी चिकू, कोणी बोरं, कोणी केळ्यांची फणी. येणारा प्रत्येक जण घरात जाताना मला विचारायचा, "भाऊ, तुमी काऊन शाल पांघरून उभे?" आणि आतून निघताना काहीच विचारायचा नाही. हे जास्त वाईट.

राहेलबाईंनी पदर खोचला. पल्लवी खोबरं खवत होती, डॅनियल पेरू धूत होता. ऊन लिंबाच्या शेंड्यावर चढत गेलं आणि मी टाचा उंच करून खिडकीतून आत डोकावू लागलो. थट्टा नाही सांगत. बाईचा नवस माझ्यामुळे राहिला असता, तर त्या दोघांच्या संसारात कधीही काही बिनसलं की मला हीच परात आठवली असती.

शेंड्यावर ऊन थोडं शिल्लक होतं, तेव्हा ताट ओसरीवर आलं. पांढऱ्या पोह्यांचा डोंगर, भोवती फळं. राहेलबाईंनी डोक्यावरून पदर घेतला. डॅनियलनं टोपी घातली आणि त्यांच्या भाषेत प्रार्थना म्हटली. एकेक फळ उचलून आशीर्वाद म्हणायचे. झाडाच्या फळाचा वेगळा, जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा. केळं त्यांनी जमिनीच्या बाजूला ठेवलं. मी भांडायला तोंड उघडलं आणि मिटलं. केळीला लाकूड नसतं. ती खरंच झाड नव्हे. शेतकऱ्याच्या पोराला ठाण्याच्या बाईनं हे शिकवावं!

मग राहेलबाईंनी पहिली मूठ पल्लवीच्या ओंजळीत ठेवली. "फिटला माझा नवस," त्या म्हणाल्या. "सासूच्या जिवासाठी सासूच्याच हातावर मारणारी सून मला दुसरीकडे मिळायची नाही."

शोभेनं डोळे पुसले. वत्सलाबाईंनीही पुसले. मी शालीनं पुसणार होतो, पण शाल इनबाईंची होती.

माझा मलिदा गल्लीनं तिथेच आंगणात उभ्या उभ्या संपवला. परात चाटूनपुसून साफ करून वासुदेव म्हणाला, "भाऊ, यंदा तूप जरा कमी पडलं." ह्या माणसाला चमचा परत करायचं मी तेव्हाच ठरवलं.

मला राहेलबाईंनी स्वतः लिंबाखाली वाटी आणून दिली. "घ्या भाऊ, आमचा नाश्ता."

मी खाल्ला. वेलची बरी होती. खोबरं ओलं होतं. मध्येच बदाम लागत होता.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "कसा आहे?"

"ठीक हाये," मी म्हणालो. "पन ह्याले मलिदा म्हनता येनार नाई."

ओसरीवरून शोभेचा आवाज आला. "इनबाई, चवथी वाटी हाये त्याइची. अजून त्याइले पसंत पडला नाई!"

सगळी गल्ली हसली. आता माणसाला चव कळायला थोडा वेळ लागतो, त्याला मी काय करू! पाचव्या वाटीलाही मी हेच सांगितलं.