दानियलमामांचे प्रयोग

परदेशी पाहुणे येणार असले की आदल्या दुपारी दानियलमामा खांद्यावर लोखंडी जाळ्या घेऊन कारखान्याच्या शॉपमध्ये शिरायचे आणि ओरडायचे, "चला, सेट लावायचाय!" आमच्या कंपनीत ते फिटर. केडगावात नाताळच्या नाटकांचे सेट वर्षानुवर्षे त्यांनीच उभे केलेले, म्हणून पाहुण्यांची व्हिजिट म्हणजे त्यांच्या लेखी प्रयोग आणि आमचे नवे हेल्मेट म्हणजे रंगभूषा.

पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये हात जाऊ नये म्हणून त्या जाळ्या. पण जाळीमुळे काम मंदावतं, आणि आमचा माल घेणारी, त्याची मुदत ठरवणारी पाहुण्यांचीच कंपनी. त्यामुळे पाहुणे गेले की मामांनीच जाळ्या काढायच्या. "आमच्या नाटकात बघनारा तरी बाहेर बसतो," ते म्हणायचे, "हितं त्योबी नाटकातच हाय."

कर्जतची संगीता प्रेसवर लागली आणि मामांची थट्टा आटली. तिचा हात दोनदा थोडक्यात वाचला होता. जाळी काढू नका म्हणून सांगायला मामा आमच्या साहेबांकडे गेले, तर साहेब म्हणाले, "बघू."

पुढच्या व्हिजिटला पाहुणा नेमका संगीताच्या प्रेसपाशी थांबला. इंग्रजी येतं म्हणून दुभाषा मी. जाळी रोज असते का, असं त्याने मामांना विचारलं. मामांनी टोपी काढली. "न्हाई साहेब. तुमी गेला की काढायला लावत्यात. पोरीचा हात जाईल वो. तुमीच सांगा ह्यांना."

आमचे साहेब माझ्याकडे बघत होते. मी अजून कायम झालो नव्हतो. मी इंग्रजीत म्हणालो, "रोज असते. पोरींना आम्ही लेकीसारखं जपतो, म्हणतायत." पाहुण्याचे डोळे पाणावले. त्याने मामांचा हात दोन्ही हातांत घेतला.

आपलं म्हणणं पोचलं, असं मामांना वाटलं. त्या दिवशी त्यांनी जाळी काढलीच नाही. संगीताला म्हणाले, "आता भ्याचं न्हाई, पोरी. त्या साहेबानं शब्द दिलाय."

साहेबांनी त्याच रात्री दुसऱ्या फिटरकडून जाळी काढून घेतली. सकाळी मामा कामावर पोचायच्या आत संगीताची दोन बोटं गेली होती.

महिन्याभरात मामांना घरी बसवलं. मी कायम झालो. मग मामा अंथरुणाला खिळले, तेव्हा भेटायला गेलो. मला शरम वाटत होती, तरी गेलो. माझा हात धरून ते म्हणाले, "लई खोटारडा निघाला रं त्यो गोरा. शब्द दिल्ता त्यानं. तू हुतास ना तितं?"

"होतो, मामा," मी म्हणालो, "दिला होता त्यानं शब्द."