नाथाजीची गिटार आणि मिरजेची जवारी

नाथाजी पलटणीतनं परत आला तो सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात. डाव्या हाताची करंगळी इटलीत ठेवून आला आणि येताना एक गिटार घेऊन आला. रहिमतपुरात असलं वाद्य कुणी पाहिलेलं नव्हतं. पोटाला भोक पाडलेलं हे लाकडी सोंग कशाचं, म्हणून निम्मी आळी बघायला लोटली. लालासाहेब चुलत्यानं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि निकाल दिला, "इटलीचं तुणतुणं हाय. ठेव माळ्यावर."

आता ह्यांना काय सांगायचं, कपाळ! त्या तुणतुण्यापायीच नाथाजीच्या जिवाला घोर लागला होता.

झालं होतं असं. लढाईतला शेवटचा हिवाळा त्यांच्या तुकडीनं इटलीच्या डोंगरात, पिएत्रो नावाच्या एका म्हाताऱ्याच्या गोठ्यात काढला. हे त्याला पित्राबा म्हणायचे आणि तोही बिचारा ओ द्यायचा. पित्राबा रोज दुपारी गिटार घेऊन बसे आणि एकच गत, म्हणजे शब्दांवाचूनची नुसती सुरावट, वाजवी. वाजवी म्हणजे काय, बोटं नुसती पळायची. बघणाऱ्याचे डोळे फिरावेत. नाथाजीनं लहानपणी भजनात वीणा धरलेली, सुराचं वेड होतंच. तो म्हाताऱ्याच्या मागंच लागला. त्याचा जोडीदार जोतिबा, औंधाकडचा, शेजारी गवतावर लवंडून ऐकायचा आणि म्हणायचा, "गड्या, नीट शिकून घे. घरी गेल्यावर माझ्या आईला ऐकवायची. तिला वाटत आसंल, पोरगं नुसतं गोळ्या खातंय. तिला कळू दे, हितं असंबी ऐकाय मिळतं."

थंडी सरता सरता एका सकाळी तोफेचा गोळा पडला. जोतिबा गेला, नाथाजीच्या मांडीवरच गेला. नाथाजीची करंगळी गेली. दवाखान्यातनं सुटल्यावर तो गोठ्यावर निरोप घ्यायला गेला, तर पित्राबानं गिटारच त्याच्या हातात दिली आणि पाठ फिरवून डोळे पुसले.

गत वाजवायची तर अंगठा सोडून डाव्या हाताची चार बोटं पाहिजेत, आणि ह्याच्याकडं उरली तीन. पण गड्याचा हट्ट असा, की जोतिबानं ऐकली तश्शीच त्याच्या आईला ऐकवायची, एक सूर इकडचा तिकडं होता कामा नये. उसाच्या बांधावर बसून तो रोज घाम गाळायचा आणि रोज त्याच जागी अडायचा. जोतिबाची आई बनुबाई दर बाजाराला रहिमतपुरात लसूण विकायला यायची. तोफेपुढं न डगमगलेला हा गडी, तिची पाटी दिसली की चपलांच्या दुकानामागं दडायचा. वर्ष गेलं. कुठल्या तोंडानं तिच्यापुढं उभं राहायचं?

पुढच्या उन्हाळ्यात लाकूड चिकटवलेला सरस सुटला आणि जिच्यावरनं तारा जातात ती घोडीच निखळली. नाथाजी गिटार घेऊन मिरजेला गेला. तिथं रहिमान नावाचा म्हातारा सतारी नि तंबोरे करायचा. "आठ दिसांनी या," तो म्हणाला. गिटार त्यानंही जन्मात पाहिली नव्हती, पण ते कबूल करील तर कारागीर कसला!

आठ दिवसांनी नाथाजीनं गिटार छेडली आणि त्याचं डोकंच फिरलं. रहिमाननं तिला सांबरशिंगाची रुंद घोडी बसवली होती, सतारीच्या नव्या तारा चढवल्या होत्या आणि घोडी घासून घासून तिची छान जवारी काढली होती. जवारी म्हणजे तार घोडीवर अंग टेकून गुणगुणत राहते ती. तंबोऱ्याला तो दागिना. पण पळत्या गतीत एक सूर विझायच्या आत दुसरा त्याच्या अंगावर पडत होता. सगळा काला झाला.

"आवं चाचा, हे काय करून ठिवलंसा! वाट लावली की माझ्या गतीची!"

रहिमानचं तोंड एवढंसं झालं. "मुकी वाटली रं मला ती, बाबा. म्हटलं, बोलती करावी. आण, सपाट करून देतो." त्यानं कानस उचलली, पण हात थांबला. "एक इचारू? एवढं पळायचं कशापायी? सूर सोड, त्याला बोलू दे, मग फुडचा घे."

नाथाजीनं रागारागानंच एक तार छेडली आणि हात बाजूला घेतला. तार गुणगुणत राहिली. मग त्यानं दुसरा सूर घेतला. मधले चारपाच गाळूनच टाकले. वर्षभर जिथं अडत होता तिथं आला. करंगळीचा सूर त्यानं मधल्या बोटानं तार ओढून गाठला. सूर हळूच वर चढला आणि बरोबर जागी जाऊन बसला. गत पित्राबाचीच होती, पण आता ती भजनातल्या माणसाच्या चालीनं चालत होती. दुपार कलली तरी तो वाजवतच होता आणि रहिमान कानस हातात धरून तसाच बसला होता.

"कानस खाली ठेवा, चाचा," नाथाजी म्हणाला आणि वाकून त्याचे पाय धरले. पुढं दरसाल गुऱ्हाळ लागलं की गुळाची पहिली ढेप मिरजेला जाऊ लागली. असले उपकार माणूस विसरतो होय!

तरी मनात धाकधूक होतीच. मिरजेहून परतला त्याच आठवड्यात तो गिटार घेऊन बनुबाईच्या दारात गेला. ती शेंगा निवडत बसली होती.

"आई, वरीसभर तुमास्नी तोंड चुकीवलं."

"ठाव हाय. पाटीमागनं समदं दिसतं मला."

नाथाजी कसाबसा खाली बसला. गतीची सगळी हकिगत त्यानं सांगितली आणि मान खाली घातली. "पर जोतिबानं ऐकली ती ही न्हवं, आई. ती माझ्याच्यानं हुईना. मोडून माझ्यापुरती केलीया."

बनुबाईनं शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाली, "त्यो तिकडचा म्हातारा हुता का शेवटाला माझ्या लेकाजवळ?"

"न्हाई. मी हुतो."

"मग तुझीच ऐकीव."

त्यानं वाजवली. संपल्यावर बनुबाईनं त्याचा डावा हात ओढून घेतला, करंगळीच्या रिकाम्या जागेवरनं अंगठा फिरवला आणि हात परत तारांवर नेऊन ठेवला.