चार घरं वर सरकलेला रक्तगट

नोकरीत चोर, दरोडेखोर, खुनी पुष्कळ पाहिले. पण ज्या प्रकरणानं मी खरोखर थक्क झालो, त्यातला गुन्हेगार डोळ्यांना दिसतही नव्हता.

जळगावात मी ठाण्याचा प्रभारी होतो. मे महिना, पंखाही गरम हवाच फेकत होता. चाळीसगावच्या एका डॉक्टरबाईंचा फोन आला. "साहेब, तुमच्याकडच्या रक्तपेढीची पिशवी आहे. चिठ्ठीवर ए पॉझिटिव्ह, आत एबी पॉझिटिव्ह! जुळणी चाचणी केली म्हणून बाळंतीण वाचली."

रक्तपेढीच्या डॉक्टरांकडे संशयिताचं नाव तयारच होतं. "आमची तंत्रज्ञ. रजेवरून परवाच भांडली माझ्याशी. संगणकातली नोंद तिच्याच पासवर्डनं झालीय. आणि मशीन चुकणं शक्यच नाही, साहेब. स्वतःची चूक दुरुस्त करणारी मेमरी मुद्दाम बसवून घेतलीय मी."

त्या तंत्रज्ञ बाईंना ठाण्यात बोलावलं. नोकरी तर जाणारच होती, अटकही टळणार नव्हती. बाहेर बाकावर त्यांचे वडील बसले होते. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक शिपायाला ते आबा आपल्या लेकीबद्दल अहिराणीत एकच सांगत होते, "मनी पोर अशी नही शे, साहेब."

महिला अंमलदाराला समोर बसवून मी उलटसुलट विचारलं. बाईंचं उत्तर बदलेना, "मी एबीच टाकलं होतं." जबाबावर सही करताना मात्र त्यांचा हात थांबला. "माझं व्हायचं ते होवो. बाकीच्या पिशव्या थांबवल्या का, साहेब?"

अहो, त्या खुर्चीत बसलेला माणूस वकील मागतो, पाणी मागतो, पोराबाळांच्या शपथा घेतो. दुसऱ्याच्या जिवाची चौकशी करणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. तिथल्या तिथे फोन करून मी सगळ्या पिशव्या रोखल्या आणि फेरतपासणी करायला लावली.

आणखी दोन चुकीच्या निघाल्या. ओ पॉझिटिव्हचं बी पॉझिटिव्ह झालेलं, ओ निगेटिव्हचं बी निगेटिव्ह. त्यातली एक नोंद तर दुसऱ्याच तंत्रज्ञाच्या पासवर्डनं होती. संगणकातली आठ रक्तगटांची यादी समोर घेतली आणि मी चक्रावलोच. तिन्ही गट बरोबर चार घरं वर सरकले होते. राग काढणारा माणूस इतक्या शिस्तीत वागत नाही.

पंचनामा करून संगणक जप्त केला, सायबर विभागातल्या इंजिनिअर बाईंकडे दिला आणि तो जोडून देणाऱ्या धुळ्याच्या दुकानदाराला बोलावून घेतलं. तो बिचारा रडकुंडीला आलेला. "कसम से साहेब, मेमरी अस्सल आहे. बसवली, मशीन चालू झालं, अजून काय पाहिजे?"

"तिथेच तर गोम आहे, भाऊ," इंजिनिअर बाई म्हणाल्या. "मेमरी अस्सलच आहे. पण तुम्ही ती घरगुती संगणकाच्या मदरबोर्डवर बसवलीत. तो तिला चालवतो, पण तिची चूक पकडण्याची सोयच त्याच्यात नाही. बसली म्हणजे जुळली, असं नसतं."

मग त्यांनी मेमरीची चाचणी लावली. संगणक गार होता तोवर सगळं ठीक. तापला, आणि पडद्यावर एक लाल ओळ उमटली. पुन्हा चाचणी, पुन्हा तीच जागा. यंत्र प्रत्येक रक्तगट शून्य ते सात अशा आकड्यात लिहितं आणि तो आकडा चार, दोन, एक अशा खान्यांत मांडतं. संगणक तापला की त्यातला चाराचा खाना रिकामा होत होता, म्हणजे आकड्यातून चार वजा आणि गट चार घरं वर. कोट्यवधी खान्यांमधला एक! त्या एवढ्याशा जागेनं एक बाळंतीण मरणाच्या दारात नेली होती आणि एक निरपराध बाई माझ्या कोठडीच्या दारात आणून उभी केली होती.

आणि जुळणाऱ्या बोर्डवर हीच मेमरी आपली चूक त्याच क्षणी पकडून निस्तरते म्हणे. काय अजब चीज! आपल्याला चूक नुसती कबूल करायला जन्म पुरत नाही.

खोटं बोलणाऱ्याचा घाम, कोरडा घसा, चुकवलेली नजर, एवढ्यावर माझी सगळी नोकरी झाली. या यंत्राला आपण चुकतोय हेच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून ठाण्यात कोणी "मशीन चुकत नाही" म्हणालं की मी आधी विचारायचो, तपासलंत का?

बाईंचं नाव प्रकरणातून वगळलं, ते सांगायला मी स्वतः रक्तपेढीत गेलो. आबा लेकीशेजारी उभे होते. त्यांनी मला हात जोडले, मग डॉक्टरांकडे वळले.

"मशीनवर बठ्ठासना, समदासना इस्वास व्हता, डॉक्टरसाहेब. मनी पोरवर कोनाच नही."

डॉक्टर खुर्चीतून उठले आणि सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर त्यांनी बाईंची माफी मागितली.